बकल बाहेरच्या बाजूला

स्टोअरच्या दाराचा खालचा अर्धा भाग एरवी बंद असतो, वरचा उघडा. खालच्या अर्ध्यावर हातभर रुंद फळी ठोकली आहे. गेली तेवीस वर्षं त्या फळीच्या आत बाई उभ्या असतात आणि बाहेर, रांगेत, बर्फावर चालायला शिकायला आलेली माणसं. फळीवरून ॲक्स जातात, क्रॅम्पॉन जातात, हेल्मेट जातात. पाच दिवसांनी परत येतात. परत आलेली प्रत्येक वस्तू बाई दिव्याखाली धरतात, उलटीसुलटी करतात आणि मगच खुंटीला लावतात. म्हणून शाळेत त्यांना पाठीमागे ‘कस्टम’ म्हणतात. समोर ‘बाई’.

शाळा म्हणजे गिर्यारोहणाची शाळा. गावाच्या वर, रस्ता संपतो तिथे तिच्या तीन इमारती आहेत आणि त्यांच्याही वर हिमनदीचं मळकट टोक. तिथं शिकायच्या मुख्य वस्तू दोन. ॲक्स म्हणजे बर्फातली कुऱ्हाड: डोक्याला एकीकडे वाकडी चोच, दुसरीकडे रुंद पातं, दांड्याच्या तळाला अणकुचीदार टोक. क्रॅम्पॉन म्हणजे बुटाच्या तळाला बांधायची पोलादी चौकट: खाली दहा दात आणि पुढे तोंड काढलेले दोन. दोन्ही वस्तू जीव वाचवायला केलेल्या आहेत आणि दोन्हींनी माणूस स्वतःलाच फाडून घेऊ शकतो, हे बाई प्रत्येक तुकडीला सांगतात.

सांगतात म्हणजे ऐकवतात. भाषण सात मिनिटांचं आहे आणि त्यात तेवीस वर्षांत एक शब्द बदललेला नाही.

“ॲक्स डोंगराच्या बाजूच्या हातात. चोच मागे, टोक खाली. क्रॅम्पॉन घातले की दोन पायांत अंतर. बदकासारखं चाललात तरी चालेल, तिथं बघायला कुणी नसतं. पट्ट्याचं टोक लोंबलं की दुसऱ्या पायाचा दात त्यात अडकणार. म्हणून बकल कुठल्या बाजूला?”

“बाहेरच्या!”

“क्रॅम्पॉन घालून घसरलात तर पाय वर. दात बर्फात रुतले की कोलांटी. पाय कुठे?”

“वर!”

एवढं झालं की बाई खालचं अर्धं दार ढकलून बाहेर येत, बाकावर बसलेल्या प्रत्येकासमोर गुडघे टेकत आणि माप जमवायला त्याच्या पायांत क्रॅम्पॉन चढवून, पट्टे ओढून, उरलेलं टोक आत खोचून देत. एका पायाला वीस सेकंद. खरं तर हे ज्याचं त्याने शिकायचं असतं. पण ज्याचं त्याला करू दिलं तर रांग दुपारपर्यंत हलत नाही, आणि न हलणारी रांग बाईंना बघवत नसे.

सामान परत आलं की बाई ते वाचत. पँटची पोटरी आतून फाटली असेल तर माणूस पाय जवळ टाकत होता. पुढचे दोन दात बोथट असतील तर आळशीपणा करून खडकांवरूनही क्रॅम्पॉन न काढता चालला. “घसरलास आणि ॲक्स हातातून सुटली,” असं त्या एखाद्याला सांगत आणि तो चाट पडे. “तुम्ही बघितलंत?” “ॲक्सच्या मनगटपट्ट्याने सांगितलं. शिवण उसवलीय.”

एवढं सगळं असून बाईंनी हिमनदीवर कधी पाऊल ठेवलं नव्हतं. दारासमोरचा बर्फ त्यांनी खोऱ्याने भरपूर उपसला होता. पण ॲक्स घेऊन उतारावर, एकदाही नाही. हंगामात स्टोअर उघडं असतं आणि हंगाम संपल्यावर वर जाण्यात अर्थ नसतो. रांगेतल्या माणसांना वाटे, बाईंनी एके काळी बरीच शिखरं केली असणार. बाईंनी तो समज कधी मोडला नाही. खोटंही त्या कधी बोलल्या नाहीत. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

विचारलं ते विमा कंपनीच्या तपासनिसाने. सगळी शाळा पाहून झाल्यावर तो फळीपाशी आला आणि म्हणाला, “तुमचा कोणता कोर्स झालाय?” शाळेचे संचालक शेजारी उभे होते. ते छताकडे बघू लागले.

चार दिवसांनी त्यांनी बाईंना बोलावून घेतलं.

“बसा ना, बाई.”

“उभीच बरी. खाली सतरा जण थांबलेत.”

“विम्याच्या लोकांचं म्हणणं असं, की जो हे सामान लोकांच्या हातात देतो, त्याला ते स्वतः वापरता आलं पाहिजे.”

“माझी मुलगी औषधांच्या दुकानात आहे. तिने काय आधी आजारी पडायचं?”

“मी नाही म्हणत. ते म्हणतात.”

“ते विमा विकतात ना? मग त्यांच्यातलं कोण कोण मरून आलंय, विचारा.”

संचालक हसले, पण कागद त्यांनी पुढे सरकवलाच. पाच दिवसांचा प्राथमिक अभ्यासक्रम, शेवटच्या दिवशी परीक्षा. पास झाल्या तर स्टोअर बाईंचं. नाही झाल्या तर स्टोअरची किल्ली आणि सही शाळेच्या एखाद्या प्रमाणित, कायम कर्मचाऱ्याकडे जाईल.

“आणि मी?”

“तुम्ही तिथेच की. कुठे जाणार? मदतनीस म्हणून.”

बाईंनी तो शब्द घरी जाईपर्यंत तोंडात धरून ठेवला. चौपन्नाव्या वर्षी, सव्वादोनशे खुंट्या डोळे मिटून ओळखणाऱ्या माणसाला, स्वतःच्या स्टोअरमध्ये मदतनीस.

घरी वेगळीच पंचाईत होती. परीक्षा घेणारे शाळेचे मुख्य प्रशिक्षक हे बाईंचे जावई. बर्फावर त्यांचा आवाज खालच्या गावापर्यंत येतो असं म्हणतात. सासुरवाडीला जेवायला बसले की तेच जावई मीठ हवं असलं तरी मागत नाहीत.

“आई, मी दुसरा परीक्षक बघतो,” ते त्या संध्याकाळी ताटाकडे बघत म्हणाले.

“का? सासूला पास केलं असं लोक म्हणतील म्हणून?”

“हो.”

“मग नापास करा.”

“मग सासूवर सूड घेतला म्हणतील.”

“म्हणजे आईने सगळं नीट केलं तरच तू सुटलास,” मुलगी नवऱ्याला म्हणाली आणि तिला हसू आवरेना.

बाईंचे यजमान शाळेची बस चालवतात. ते म्हणाले, “एवढी वर्षं मी बस चालवतोय, मला कुणी परीक्षा द्यायला लावली का?”

“लावली होती. लायसन्सची,” बाई म्हणाल्या. “दोनदा.”

दुसरा परीक्षक महिनाभर मोकळा नव्हता. परीक्षा जावयांनाच घ्यावी लागणार होती.

तुकडीत बाई धरून नऊ जण होते. एक बेकरीवाला, कॉलेजात शिकणाऱ्या दोन बहिणी आणि बाकी ऑफिसांतून रजा काढून आलेले. पहिल्या सकाळी बाईंनी आठ जणांना सामान दिलं. मग नववा जोड फळीवर ठेवला, दार ढकलून बाहेर आल्या, बाहेरून तो उचलला, दिव्याखाली धरून पाहिला आणि वहीत सही केली. ‘देणार’ आणि ‘घेणार’, दोन्ही रकान्यांत एकच सही. तिच्याकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या.

पहिले दोन दिवस पायात क्रॅम्पॉन नसतात. मऊ बर्फाचा उतार, खाली लांब सपाटी, जिथे घसरणारा माणूस आपोआप थांबतो. तिथे मुद्दाम घसरायचं आणि ॲक्सने स्वतःला अडवायचं. एक हात ॲक्सच्या डोक्यावर, पातं खांद्याजवळ. दुसरा हात दांड्याच्या तळाशी, म्हणजे टोक मांडीत घुसत नाही. दांडा छातीवर तिरका. ज्या बाजूला चोच, त्याच बाजूला वळायचं. दुसऱ्या बाजूला वळलं तर आधी टोक रुततं आणि ॲक्स हातातून उखडते. मग छातीचा सगळा भार चोचीवर. आणि पायात क्रॅम्पॉन नसले तरी आहेत असं समजून पाय वर.

“आई, वळा! चोचीकडे!” पहिल्याच घसरणीला जावई ओरडले. ‘बाई’ म्हणायचं असं ठरवून आले होते, पण ओरडताना तोंडातून निघायचं तेच निघतं. दोघी बहिणी खुसखुसल्या आणि त्या दिवसापासून सगळी तुकडी बाईंना ‘आई’ म्हणू लागली.

बाईंना वळणं जमलं, पाय वर ठेवणंही जमलं. जमेना ते चोच बर्फात रुतवणं. त्या ती हलकेच टेकवत, काचेच्या टेबलावर कप ठेवावा तशा.

“दाबा ना! का नाही दाबत?”

“खाली दगड असला तर? परवाच धार लावलीय.”

“आई, ती दाबायलाच केलीय.”

प्रत्येक घसरणीनंतर सपाटीवर पोचल्या की बाई आधी चोच बघत, मग स्वतःचं कोपर. तरी एका गोष्टीत त्या तुकडीत पहिल्या होत्या. बाकी आठही जणांच्या हातून ॲक्स निदान एकदा सुटली. बाईंच्या हातून नाही. उलटं, डोकं खाली करून घसरवलं तरी नाही. “शाब्बास,” जावई म्हणाले. “सोडली नाहीत.”

“तेवीस वर्षांत फुकट कुणाकडे सोडली नाही. आता सोडीन?”

तिसऱ्या दिवशी क्रॅम्पॉन आले. शाळेची पद्धत अशी की क्रॅम्पॉनचे पहिले दोन दिवस जोडीदाराने जोडीदाराच्या पायात घालायचे. बाईंचा जोडीदार बेकरीवाला. त्याचे त्यांनी चाळीस सेकंदांत चढवले. त्यांचे चढवायला त्याला सात मिनिटं लागली आणि त्या अवधीत बाईंनी त्याला तीनदा ‘तू कणीक कशी मळतोस?’ असं विचारलं. मग चालणं. तळवा पूर्ण सपाट, दहाच्या दहा दात एकदम बर्फात, घोटा उताराप्रमाणे वाकलेला, पायांत अंतर. पायाखाली बर्फ साठून गोळा झाला की ॲक्सच्या दांड्याने बुटाच्या कडेला टकटक. या दातांना बाई वर्षानुवर्षं कानस मारत आल्या होत्या. ते बर्फात शिरताना कसे वाजतात ते त्यांनी त्या दिवशी ऐकलं.

पाचव्या दिवशी परीक्षा. पहिली पायरी अगदी साधी: उताराच्या पायथ्याशी बसून आपले क्रॅम्पॉन आपण घालायचे, एकट्याने, चार मिनिटांत. जोडीदार नाही. मग वर चढून, आडवं जाऊन, खाली उतरायचं.

बाईंना एक मिनिटही लागलं नाही. बाकीचे अजून पट्टे सोडवत होते. बाई उठल्या, ॲक्स डोंगराच्या बाजूला घेतली, चोच मागे. पहिलं पाऊल चांगलं पडलं. दुसरंही. तिसऱ्या पावलाला उजव्या पायाचा दात डाव्या पायाच्या बकलात अडकला आणि बाई गुडघ्यावर, मग कुशीवर पडल्या आणि मीटरभर घसरत सपाटीवर येऊन थांबल्या. पाय वर होते. ॲक्स हातात होती. डाव्या पोटरीवर पँट आतून फाटली होती.

जावई धावत आले आणि खाली वाकून बघतच राहिले. दोन्ही क्रॅम्पॉन घट्ट बसले होते, पट्ट्यांची टोकं नीट खोचलेली होती आणि दोन्ही बकलं आतल्या बाजूला होती. डावा उजव्या पायात, उजवा डाव्या पायात.

तेवीस वर्षं बाईंनी क्रॅम्पॉन चढवले ते समोर बसलेल्याच्या पायात. समोरच्याचा डावा पाय बाईंच्या उजव्या हाताला. हातांना हे इतकं पाठ झालं होतं की डोक्याला विचारायची गरज उरली नव्हती. हातांनी त्या दिवशीही आपलं काम चोख केलं होतं. फक्त समोर कुणी बसलेलं नव्हतं.

तुकडी गोळा झाली. त्यांच्यातल्या एकाच्याही हातून ही चूक झाली नव्हती. सगळ्यांनी भाषण लक्ष देऊन ऐकलं होतं. बेकरीवाला हळूच म्हणाला, “आई, ते बकल…” आणि धाकट्या बहिणीने त्याला कोपर मारलं.

“लागलं का?” जावयांनी विचारलं.

“लागल्याचा रकाना आहे त्या कागदावर?”

“नाही.”

“मग जो आहे तो भरा.”

जावयांनी तो भरला. कागद भरताना थंडीने पेन दोनदा अडकलं, आणि तिथं उभ्या असलेल्यांना तो एक शब्द तीनदा लिहिलेला बघावा लागला.

आता गंमत अशी की शाळेत कायम नोकरीवर असलेला आणि प्रमाणित माणूस शोधायला निघाल्यावर संचालकांना तो एकच सापडला. बाकीचे प्रशिक्षक हंगामापुरते, कंत्राटी. मुख्य प्रशिक्षकाच्या जागी हंगामी माणूस चालतो, स्टोअरला चालत नाही. विम्याच्या कागदात तसं स्पष्ट लिहिलेलं. सोमवारी सकाळी स्टोअरची किल्ली जावयांच्या हातात आली. “पुनर्परीक्षेपर्यंतच,” संचालक म्हणाले. पुनर्परीक्षा सहा आठवड्यांनी होती.

सोमवारची रांग अकरापर्यंत हलली नाही. क्रॅम्पॉनवर रंगवलेला आकडा हे माप नसून खरेदीचं वर्ष आहे, हे जावयांना साडेनऊला कळलं. बाई त्यांच्या मागे दोन पावलांवर हात बांधून उभ्या होत्या.

“आई, बेचाळीस नंबरच्या बुटाला कुठली खुंटी?”

“मी मदतनीस. तुम्ही सांगाल ती काढून देते.”

“तेच विचारतोय ना, कुठली?”

“तिसरी रांग, खालून दुसरी. पण तुम्ही सांगा.”

“तिसरी रांग, खालून दुसरी.”

“आता देते.”

हा संवाद दिवसातून पन्नास वेळा होई. बाईंनी एकदाही आवाज चढवला नाही, एकही काम नाकारलं नाही आणि सांगितल्याशिवाय एकही काम केलं नाही. जावई संध्याकाळी फळीला रेलून वरच्या उताराकडे बघत. तिथे हंगामी प्रशिक्षक त्यांच्या तुकडीला घसरायला शिकवत होता आणि त्याचा आवाज स्टोअरपर्यंतही पोचत नव्हता.

दहाव्या दिवशी मुलगी आईकडे आली. “आई, हा झोपेत खुंट्यांचे आकडे बोलतो.”

“बरोबर बोलतो का?”

“आई!”

“मी काय केलंय? नापास झाले, एवढंच.”

“तू किल्ली परत घे बाई. नाहीतर मी तरी परत येते इकडे राहायला.”

दुसऱ्या दिवसापासून रोज पहाटे, शाळा सुरू व्हायच्या आधी, यजमान रिकामी बस घेऊन दोन प्रवाशांना उताराच्या पायथ्याशी सोडू लागले. सासू पुढच्या सीटवर, जावई मागच्या. बाईंनी दगडावर बसायचं, क्रॅम्पॉन घालायचे, काढायचे, पुन्हा घालायचे. डोकं म्हणे डावा, हात उचलत उजवा. दहातल्या सहा वेळा बकल आत. आणि चुकीचे घातल्यावरही ते इतके सफाईने बसलेले असत की जावयांना बघताना वाईट वाटे.

“डाव्यावर लाल रंगाचा एक ठिपका देऊ या,” ते म्हणाले.

“सामानावर वर्ष सोडून कसलीही खूण करायची नाही. नियम आहे.”

“नियम तुम्हीच केलाय, आई.”

“म्हणूनच पाळायला पाहिजे.”

डोळे मिटून झालं, हात अदलाबदल करून झालं, यजमानांना समोर बसवून आरशासारखी नक्कल करून झाली. त्यात यजमानांनी स्वतःचा अंगठा पट्ट्यात अडकवून घेतला. चौथ्या आठवड्यात एकदा बाई वैतागून स्वतःच्याच पायावर खेकसल्या: “ए, कुठे लक्ष आहे तुझं? डावा पाय पुढे घे. हा डावा का? बकल कुठे बघतंय?” आणि बकल बाहेर आलं. रांगेतल्या मठ्ठ माणसाशी बोलावं तसं त्या स्वतःशी बोलल्या, की हात थांबत आणि ऐकत. जावयांनी त्या दिवशी काही सुधारलं नाही. नुसते उभे राहिले.

पुनर्परीक्षेला बाहेरच्या शाळेतून परीक्षक आल्या. नाक उन्हाने सोललेलं, हातात घड्याळ, बोलणं मोजकं. सकाळी सहाला जावयांनी स्टोअर उघडून बाईंना सामान काढून दिलं आणि सगळे वर गेले.

“चार मिनिटं,” परीक्षक म्हणाल्या.

बाई खाली बसल्या. हात पुढे गेले आणि पहिला क्रॅम्पॉन चुकीच्या पायाला लागला. त्यांनी पट्टा ओढण्याआधी थांबून पाहिलं.

“मूर्ख आहेस का?” त्या म्हणाल्या.

परीक्षकांनी घड्याळावरून मान वर केली.

“तुम्हाला नाही,” जावई घाईघाईने म्हणाले.

“काढ तो. काढ. हा कुठला पाय? डावा. डाव्याचं बकल कुठे? मला नको सांगू, त्याला दाखव. हां. आता टोक खोच. लोंबतंय ते काय आहे? खोच नीट. आता दुसरा. घाई कुणी सांगितलीय?” दोन्ही पाय झाले तेव्हा तीन मिनिटं पन्नास सेकंद झाले होते. बाई उठल्या, दोन्ही बुटांच्या बाहेरच्या कडेला हात लावून बकल चाचपलं आणि चढू लागल्या. बर्फ पहाटेचा, कडक. तळवा सपाट, पायांत अंतर. वर जाऊन त्या आडव्या गेल्या, वळताना ॲक्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, आणि उतरताना गुडघे वाकवून, नाकासमोर बघत खाली आल्या.

मग क्रॅम्पॉन काढून, मऊ उतारावर जाऊन घसरण. परीक्षकांनी चार वेळा घसरवलं: पोटावर, पाठीवर, डोकं खाली करून पोटावर, डोकं खाली करून पाठीवर. चौथ्या वेळी बाई आधी वेगाने गेल्या, मग चोच बाजूला रोवली, तिच्याभोवती अंग गरकन फिरलं, पाय खाली आले आणि लगेच वर उचलले गेले. छातीखाली ॲक्स, तोंडात बर्फ. त्या थांबल्या होत्या त्या जागेपासून सपाटी अजून बरीच खाली होती.

“पास,” परीक्षक म्हणाल्या. “दर वेळी उठल्यावर चोच तपासायची गरज नाही.”

“गरज आहे,” बाई म्हणाल्या.

परीक्षक सहीचा कागद देऊन निघून गेल्या. खाली स्टोअरपाशी नवी तुकडी रांगेत उभी होती. जावई तीच तुकडी घेऊन वर जाणार होते. सहा आठवड्यांनी पहिल्यांदा. त्यांनी बूट चढवले होते, तोंडाला उन्हाचं मलम लावलं होतं, आणि किल्ली तळहातावर घेऊन पुढे केली होती.

“अशी नाही,” बाई म्हणाल्या. “मोजून.”

“आई, लोक थांबलेत.”

“थांबू देत. तुम्ही घेतलीत तेव्हा मी मोजून दिली होती.”

मोजलं. ॲक्स वहीत बासष्ट, भिंतीवर बासष्ट. हेल्मेट बरोबर. क्रॅम्पॉन वहीत चव्वेचाळीस जोड. भिंतीवर त्रेचाळीस. पुन्हा मोजलं. त्रेचाळीस. जावयांनी वाळवणीची खोली पाहिली, कानशीचं टेबल पाहिलं, बाकांखाली आडवे होऊन पाहिलं. बसमध्ये पाहायला यजमानांना पिटाळलं. ते सीटखालून एक हातमोजा घेऊन आले, जो कुणाचाच नव्हता. हंगामी प्रशिक्षकाला फोन केला. त्याने शपथ घेतली. बाहेर रांगेत कुणीतरी मोठ्याने विचारलं, “इथे रोज असंच असतं का?”

बाई बाकावर बसून होत्या. पायाशी त्यांची पिशवी होती.

पाऊण तासाने जावयांनी हार मानली. मलम घामाने ओघळलं होतं. “आई, एक जोड हरवला. माझ्याकडून. मी लिहून देतो.”

“काय लिहिणार?”

“माझ्या निष्काळजीपणामुळे.”

“लिहा.”

त्यांनी लिहिलं, तारीख घातली, सही केली. बाईंनी कागद वाचला, घडी घालून वहीत ठेवला, आणि मग पिशवी उघडून क्रॅम्पॉनचा जोड फळीवर ठेवला.

“सकाळी सहाला तुम्ही मला दिलात. ॲक्स-हेल्मेट मी आल्या आल्या खुंटीला लावलं, हा राहिला. नोंद केली नाहीत.”

जावई जोडाकडे बघत राहिले. “तुम्हाला माहीत होतं?”

“हो तर. मीच घालून वर गेले होते.”

“मग पाऊण तास…”

“नोंद देणाऱ्याने करायची असते. घेणाऱ्याने नाही. घेणाऱ्याला काय, तो पिशवीत घालून घरी जाईल.”

“म्हणजे मला नापास केलंत.”

“मी कसली नापास करते? किल्ली अजून तुमच्याकडे आहे. मी मदतनीस.”

रांगेत हशा पिकला. जावयांनी वही ओढली, सकाळी सहाची नोंद केली, त्याखाली परतीची नोंद केली आणि जोड उचलून खुंटीकडे निघाले.

“बघितलात का तो?”

ते परत आले. जोड दिव्याखाली धरला. “ठीक आहे.”

“उजव्याचा आतला दात?”

त्यांनी निरखून पाहिलं. “किंचित वाकलाय.”

“मग बोला की. मी सासू आहे म्हणून सोडता काय?”

त्यांनी तेही लिहिलं. बाईंनी किल्ली घेतली आणि जावई दार ढकलून बाहेर, रांगेच्या पुढे जाऊन उभे राहिले. त्यांना ॲक्स हवी होती. बाईंनी आधी त्यांचं नाव लिहिलं, मग वेळ, मग ॲक्स दिली. मागच्या माणसाचे क्रॅम्पॉन त्यांनी फळीवर ठेवले, पण बाहेर येऊन गुडघे टेकले नाहीत.

“घाला,” त्या म्हणाल्या. “तुमचे तुम्ही. मी इथून बघते.”

शेवटचा माणूस तयार झाला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. रांग जागेवरून हलत नाही अशी तक्रार संध्याकाळपर्यंत संचालकांच्या टेबलावर आली होती आणि तिच्यावर तुकडीतल्या नऊ जणांच्या सह्या होत्या.